हिरवळीवर चालू नये

सार्वजनिक बागेत शिरल्याबरोबर जी पाटी आपलं स्वागत करते, ती 'हिरवळीवर चालू नये' ही. फुलं तोडू नयेत, हे समजण्यासारखं आहे. पण पायांखाली पसरायची वस्तू पायांना लागू द्यायची नाही, हा न्याय कुठला? आपल्या जुन्या घरांपुढे अंगण असे. ते चोपून, शेणानं सारवून लख्ख ठेवायचं, सकाळी सडा टाकायचा, रांगोळी काढायची. त्यात गवत दिसलं तर येणाऱ्याजाणाऱ्यानं दोनच तर्क करायचे: एक तर घरातली सून आळशी आहे, नाहीतर घरात कोणी उरलेलंच नाही. दारात गवत नसणं हे दारिद्र्याचं लक्षण मानणारी माणसं पृथ्वीवर असतील, यावर आमच्या आजीचा विश्वास बसला नसता.

ती माणसं इंग्लंडात होती. अठराव्या शतकात तिथल्या बड्या जमीनदारांनी आपल्या वाड्यांभोवती नजर पोचेल तिथपर्यंत हिरवळ पसरली. लान्सलॉट ब्राउन (१७१६–१७८३) हा या कामातला बडा कारागीर. यामागचं अर्थशास्त्र अगदी सोपं होतं. ज्या जमिनीत गहू पिकला असता तिथे नुसतं बघायला गवत ठेवणं ज्याला परवडतं, तो खरा श्रीमंत! लांबचं गवत मेंढ्या खात. त्या थेट दिवाणखान्यात येऊ नयेत म्हणून मध्ये एक चर खणत, तो असा की वाड्यातून बघणाऱ्याला दिसू नये. या चराचं नाव 'हाहा'. हा उद्गार चरात पडणाऱ्याचा की काठावरून बघणाऱ्याचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

वाड्याजवळचं गवत मात्र माणसं लांब दांड्याच्या विळ्यानं कापीत. दव पडलेलं गवत चांगलं कापलं जातं म्हणून पहाटेच. ही कटकट संपवली एडविन बडिंग नावाच्या स्ट्राउडच्या माणसानं. त्या भागात लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या, आणि कापडावरची लव एकसारखी कातरायचं यंत्र तिथे चालत असे. जे यंत्र कापडाची हजामत करतं ते जमिनीची का करणार नाही, असं बडिंगच्या मनात आलं आणि १८३० साली त्यानं गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्यातच त्यानं सुचवून ठेवलं आहे की, खेड्यातल्या सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः ढकललं तर करमणूक होईल आणि प्रकृतीही सुधारेल. माळ्याचं काम मालकाला व्यायाम म्हणून विकायची ही युक्ती मला तरी यंत्रापेक्षा थोर वाटते. पुढे मोठी यंत्रं ओढायला घोडे आले, आणि खुरांचे ठसे गवतावर उमटू नयेत म्हणून घोड्यांना कातडी बूट चढवण्यात आले. त्या काळात आपल्याकडे कित्येक माणसं अनवाणी चालत होती, हे आपलं जाता जाता सांगितलं.

यंत्र आलं तशी हिरवळ मध्यमवर्गात आली आणि अमेरिकेत तर तिचा धर्मच झाला. मेंढ्यांना शेवटचा मान मिळाला तो पहिल्या महायुद्धात. अध्यक्ष विल्सन यांनी १९१८ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या. माळी वाचले, शिवाय लोकर लिलावात विकून रेडक्रॉसला पन्नास हजार डॉलरांच्या वर मिळाले. मेंढ्यांनी फुलझाडांचाही समाचार घेतला, हे ओघानं आलंच.

तोवर या हिरवळीत गवताबरोबर पांढरं क्लोव्हर खुशाल नांदत होतं. क्लोव्हर म्हणजे आपल्या मेथीची लांबची बहीण. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र ओढून जमिनीला देतात, म्हणजे खत फुकट. बियाण्याच्या पिशव्यांत ते मुद्दाम मिसळलेलं असे. मग दुसरं महायुद्ध संपता संपता 'टू-फोर-डी' हे तणनाशक बाजारात आलं. ते गवताला हात लावीत नाही, रुंद पानांची झाडं तेवढी मारतं. त्यात क्लोव्हरही मेलं. आता औषध तर विकायचंय, तेव्हा क्लोव्हरलाच तण ठरवण्यात आलं! मग जमिनीत नत्र कमी पडू लागला, आणि तो भरून काढायला खताच्या गोण्या घेणं आलं. फुकटची सून हाकलून पगारी बाई ठेवण्याचा हा प्रकार.

आणि ज्या गवतासाठी हा खटाटोप, ते कोणतं? अमेरिकेच्या दक्षिण भागात तरी ते 'बर्म्युडा ग्रास', म्हणजे आपली दूर्वा. गणपतीला एकवीस वाहायची ती, आणि शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या घालतो तीही हीच. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञानं आफ्रिकेतल्या तिच्या एका चुलत बहिणीशी तिचा संकर केला. १९५६ मध्ये 'टिफग्रीन' आणि १९६० मध्ये 'टिफवे' या जाती त्यातून आल्या आणि गोल्फच्या मैदानांवर पसरल्या. गंमत पुढेच आहे. याच बर्टननं बाजरीचं 'टिफ्ट २३ ए' हे नर-वंध्य वाण काढलं. ते भारतात आलं आणि त्यापासून १९६५ मध्ये लुधियानाला आपली पहिली हायब्रीड बाजरी, एचबी-१, तयार झाली. सत्तरीच्या सुरुवातीला या हायब्रीडांवर गोसावी रोग पडून शेतकरी रडकुंडीला आला, तेही खरं. पण वाट तिथूनच निघाली. साहेबाच्या गोल्फचं गवत आणि आपल्या भाकरीची बाजरी एकाच माणसानं सुधारावी, यापेक्षा चांगली गोष्ट हिरवळीच्या इतिहासात मला सापडलेली नाही.

आता मात्र या धर्मात पाखंडी निघू लागले आहेत. अमेरिकेच्या नेवाडा राज्यानं २०२१ साली कायदा करून ठरवलं की, ऑफिसांपुढच्या आणि रस्त्याकडेच्या शोभेच्या गवताला २०२६ सालानंतर कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. खुद्द केंब्रिजमध्ये किंग्ज कॉलेजनं १७७२ पासून जपलेल्या हिरवळीचा एक तुकडा मोडून तिथे रानफुलांचं कुरण केलं. २०२३ साली मोजदाद प्रसिद्ध झाली, तर शेजारच्या कापलेल्या हिरवळीपेक्षा तिथे झाडं, कोळी आणि किडे यांच्या तिपटीहून जास्त जाती निघाल्या. तिथलं वाळलं गवत कापायला घोडे आणले होते. केंब्रिजच्या बहुतेक कॉलेजांत गवतावर पाय ठेवायचा अधिकार फेलोंनाच असतो. आपले रँग्लर परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो होते. त्यांच्या गणिताचं कौतुक पुण्यात सगळ्यांनी केलं, या अधिकाराचं कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगू पाहिलं. आमच्याकडे दोन हजार चौरस फुटांचं लॉन आहे. उन्हाळ्यात त्याला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं तर नऊशेवर लिटर होतात. म्हणजे दर अकरा दिवसांनी दहा हजारांचा एक टँकर नुसता गवताच्या पोटात जातो. त्याच महिन्यात चौथ्या मजल्यावर सकाळी अर्धा तास पाणी येतं. अध्यक्ष म्हणाले, लॉनमुळे फ्लॅटला भाव येतो. सेक्रेटरींनी प्लॅस्टिकचं गवत सुचवलं; त्याला पाणी लागत नाही, पण मे महिन्यातल्या दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, असं जोशीकाकूंनी म्हणताच सूचना मागे घेण्यात आली.

शेवटी माळ्याला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, गावाकडे ही हरळी खणून काढायला मी मजूर लावतो, आणि इथं तिला जगवायचा पगार घेतो. मला दोन्हीकडनं काम आहे, तुम्ही कशाला भांडता?" मग जरा थांबून म्हणाला, नळाच्या गळतीपाशी जलपिंपळी आपोआप पसरली आहे, तिला कापायला नको, एकदा रुजली की पाणीही थोडंच लागतं, आणि बारीक फुलांवर फुलपाखरं येतात.

सभेनं ठराव केला की नळाची गळती ताबडतोब दुरुस्त करावी.