खारे वारे, मतलई वारे आणि शिडाची होडी

मुलुंडच्या पूर्वेला मिठागरं, त्यांच्या पलीकडे खाडी आणि ती खाडी दक्षिणेला थेट मुंबई बंदरात मिळते. तरी आपल्यासाठी समुद्र म्हणजे पाहुण्यांना दाखवायची जागा आणि भूगोलाच्या पेपरातला तीन गुणांचा प्रश्न : खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा.

त्या तीन गुणांचा उपयोग मला चव्वेचाळिसाव्या वर्षी झाला. कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या नादाने मी दर रविवारी बंदरात शिडाची होडी चालवायला शिकू लागले. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा येतो, हे पाठ होतं. तो आधी मानेला जाणवतो आणि मग पाण्यावर दिसतो, हे तिथे कळलं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही; साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, असं नागमोडी जावं लागतं. पुस्तकातून कळतं, पण हाताला यायला वेळ लागतो. म्हणून प्रश्न पडला, आपल्याकडे हे मोठ्या समुद्रासाठी कोण, कुणाकडून शिकलं? शोधत गेले तेव्हा एक सुरेख गुरुपरंपरा सापडली.

तिची सुरुवात मुंबईतच होते. १९६० च्या दशकात कुलाब्याला इथल्या सुतारांनी सागवानाची 'सुहेली' ही छोटी नौका बांधली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश खलाशाने ती इंग्लंडला नेली. पुढे १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात त्याने तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो जगातला पहिला माणूस.

भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या होडीतून अशी प्रदक्षिणा करावी, हे स्वप्न व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांचं. निवृत्तीनंतर ते राहत फलटणजवळच्या विंचुर्णीला, म्हणजे समुद्रापासून चांगलेच लांब. २००६ मध्ये नौदलाच्या या मोहिमेसाठी कमांडर दिलीप दोंदे यांनी नाव दिलं. ते नौदलातले पाणबुडे. महासागरात एकट्याने शिडाची होडी नेण्याचा अनुभव नव्हता. ते शिकायला गेले नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. मुंबईच्या सुतारांनी ज्याला होडी दिली, त्याने मुंबईहून निघणाऱ्या माणसाला विद्या दिली!

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, तेव्हा दोंदे तिथेच होते. मला हे फार पटतं. जो प्रोग्रॅम आपल्या डोळ्यांसमोर उभा राहिला, तोच मध्यरात्री बंद पडल्यावर आपल्याला दुरुस्त करता येतो. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघून, वाटेत चार बंदरांवर थांबून, ते मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

त्या मोहिमेत किनाऱ्यावरून मदत करणारे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच होडीतून मुंबईहून निघाले आणि पाच महिन्यांत, कुठेही न थांबता, परत आले. मग दोंदे यांच्या हाताखाली नौदलातल्या सहा जणी तयार झाल्या. त्यांची कप्तान वर्तिका जोशी जहाजबांधणीची अभियंता. दांडेकरांनीच बांधलेल्या 'तारिणी'तून १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघून त्या २१ मे २०१८ ला परतल्या. नव्वदीतल्या आवटींच्या हयातीतच हे घडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. पुढे टॉमींनी शिकवलेल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २०२४-२५ मध्ये त्याच 'तारिणी'तून प्रदक्षिणा पूर्ण केली.

वर्तमानपत्रात मथळा येतो 'एकट्याने' असा. प्रत्यक्षात त्या एकट्याच्या मागे सुतार, कारखानदार, सेनानी आणि आधी जाऊन आलेला कुणीतरी असतो. तो बरोबर येत नाही, हेच त्याचं शिकवणं. माझे बंदरातले सरही तिसऱ्या महिन्यात होडीतून उतरून धक्क्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आता वारा बघा, माझ्याकडे बघू नका."

दहावीच्या निरोप समारंभात आपल्या बाई वेगळ्या शब्दांत हेच सांगत होत्या. आपल्यातले निम्मे आता परदेशात, निम्मे कल्याणच्या पलीकडे. मतलई वारे रात्री वाहतात आणि होड्यांना किनाऱ्यापासून दूर नेतात. दुपारचे खारे वारे त्यांना घरी आणतात. बाई, तीन गुणांचं उत्तर आज पुरं झालं.