चालकापुढची फळी

मोटारीच्या चालकासमोर जी आडवी फळी असते, तिला ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. हा शब्द मुळात मोटारीचा नव्हे. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत घोडागाडीच्या पुढच्या बाजूस लाकडाची अथवा चामड्याची फळी लावीत. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये, एवढेच तिचे काम. पुढे घोडा गेला आणि इंजिन आले. फळी मात्र राहिली. तिच्यावर दोन नवी कामे येऊन पडली: चालकाला खरे ते सांगणे आणि प्रसंगी त्याच्या देहाचा आघात सोसणे. अमेरिकेतील एखाद्या जुन्या पिकअप ट्रकच्या तबकड्या आणि फळीवरची गादी कोणी आज बदलू लागला, तर या दोन्ही कामांचा इतिहास त्याच्या हाताखालून जातो.

पहिल्या कामाला आरंभ लवकर झाला. १९०२ साली ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने वेगमापकाचे पेटंट घेतले. गिअरपेटीपासून आलेली तार एक लोहचुंबक फिरविते. त्याच्या ओढीने धातूची लहानशी वाटी वळू पाहते, आणि केसासारखी बारीक कमान तिला आवरून धरते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो, तो गाडीचा वेग. पेट्रोल, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि विजेचा प्रवाह यांच्या तबकड्याही कालांतराने फळीवर आल्या.

दुसरे काम उमगण्यास मात्र पुष्कळ माणसे जायबंदी व्हावी लागली. डेट्रॉइट येथील शल्यचिकित्सक क्लेअर स्ट्रेथ यांच्याकडे १९३० नंतरच्या दशकात अपघातात चेहरे फुटलेले रुग्ण येत. गाडी आदळली, की माणूस गाडीतल्या पोलादावर आदळतो, आणि खरी इजा करते ती ही दुसरी टक्कर, हे त्यांनी ओळखले. फळीला गादी हवी, असा त्यांचा आग्रह होता. १९४८ च्या टकर मोटारीत अशी गादी होती. पण त्या मोटारी जेमतेम पन्नासच निघाल्या. १९५६ साली फोर्डने गादी देऊ केली, तीही जादा दाम मोजणाऱ्यालाच. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सदोष रचनेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले, १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींच्या अंतर्भागाने आघात सोसलाच पाहिजे असे ठरले.

पिकअप ट्रक या नियमातून वगळलेला होता. तो ओझ्याची गाडी! जणू तो चालविणाऱ्या शेतकऱ्याचे किंवा सुताराचे कपाळ निराळ्या हाडाचे होते. हलक्या ट्रकांना हा नियम लागू व्हावयास १ सप्टेंबर १९८१ उजाडावा लागला.

म्हणूनच जुन्या ट्रकची दुरुस्ती ही केवळ शोभेची बाब नाही. गादीचे विनाइल उन्हाने मऊपणा गमावते आणि तडकते. आतला फेसही कालांतराने भुसभुशीत होतो. वरून कठीण प्लॅस्टिकचे कवच चिकटविले, तर रूप परतते, पण मेलेल्या फेसात जीव येत नाही. तबकड्यांचेही तसेच. त्या काळच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत टाकी रिकामी असता विजेचा रोध शून्य ओहम आणि भरली असता ९० ओहम असे. फोर्डच्या गाड्यांत रिकामी टाकी सुमारे ७३ आणि भरलेली १० दाखवी. एकाची तबकडी दुसऱ्याच्या टाकीला जोडली, तर काटा निर्भयपणे उलटे सांगू लागतो. अंतरमापकाच्या बाबतीत तर अमेरिकेने १९७२ साली कायदाच केला. नव्या मापकावर जुने आकडे आणता येत नसतील, तर तो शून्यावर ठेवावा आणि पूर्वीचे मैल व बदलाची तारीख डाव्या दाराच्या चौकटीवर लिहून लावावी.

पन्नास वर्षांच्या ट्रकला कोणी नवा म्हणावा, अशी अपेक्षा नसते. त्याच्या काट्यांनी खोटे बोलू नये आणि त्याच्या फळीने माणसाशी निष्ठुर होऊ नये, एवढे साधले म्हणजे दुरुस्ती पुरी झाली.