स्पोकन ट्युटोरियल
मुक्त सॉफ्टवेअर तज्ज्ञ शिक्षकाविना, आपल्या भाषेत शिकता यावे म्हणून पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई) सुरू झालेला दृक्‌श्राव्य पाठांचा उपक्रम. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य हे त्याचे प्रवर्तक. केंद्र शासनाच्या, माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्यासाठी २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानातून त्याला अर्थसाहाय्य मिळाले.

एक पाठ साधारण १० मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूस पाठ चालतो, दुसऱ्या बाजूस तेच सॉफ्टवेअर उघडे असते. उदाहरणार्थ, निवेदक सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये एखादी आज्ञा टंकतो. विद्यार्थी पाठ थांबवून तीच आज्ञा स्वतः टंकतो, उत्तर जुळले नाही तर पाठ मागे नेतो. वर्गात चारचौघांत ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायचा संकोच इथे उरत नाही. सी, पायथन, लॅटेक, लिबरऑफिस असे बरेच विषय या पद्धतीने शिकवले जातात.

पाठाची संहिता आधी लिहून विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाकडून तपासून घेतली जाते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत फक्त निवेदन बदलते; पडदा इंग्रजीच राहतो. हे मुद्दाम केलेले आहे, आणि योग्यच, कारण नोकरीच्या जागी इंग्रजी मेन्यूशीच गाठ पडते. मात्र या रीतीने साधनावर फक्त हात बसतो. ते कोणत्या प्रश्नाला लावायचे हे शिकवायला प्राध्यापक लागतोच.

महाविद्यालयांतील कार्यशाळांनंतर ऑनलाइन चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. पाठ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत असून, उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवायही चालतात.