हिवाळ्यातील ऊब आणि बंद खोलीतील धोका

नागपूरची ओळख उन्हाळ्याशी इतकी घट्ट जोडलेली आहे की, येथील थंडीचे कौतुक बाहेरगावच्या माणसाला सांगूनही पटत नाही. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदविणाऱ्या याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत घसरला होता. उत्तरेकडील वारे वाहू लागले की डिसेंबर-जानेवारीत काही रात्री विदर्भ अक्षरशः गारठतो. मात्र अशा रात्री मोजक्याच असल्याने घर उबदार ठेवण्याची कायमस्वरूपी सोय येथे कोणी करीत नाही. वेळ येईल तशी शेगडी पेटते, माळ्यावरचा हीटर खाली उतरतो, पाण्यात रॉड सोडला जातो. अपघातांचे मूळ बहुतांशी या तात्पुरतेपणात असते.

येथील घरांची रचनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला कूलर थंडीत बंद पडून राहतो आणि त्याच्या भोवतीच्या फटी पुठ्ठा, जुनी चादर किंवा प्लास्टिकच्या कागदाने बुजविल्या जातात. दाराखालच्या फटीला पायपुसणे लावले जाते. वारा थांबतो हे खरे. पण उन्हाळ्यात हवेसाठी ठेवलेला मार्गच हिवाळ्यात बंद होतो.

अमरावती मार्गावरील वाडी परिसरात हा प्रश्न अधिक गंभीर रूप घेतो. मालवाहतुकीच्या कंपन्या, गोदामे आणि जवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीमुळे येथे बाहेरगावच्या कामगारांची मोठी वस्ती आहे. एका खोलीत चार-पाच जण भाड्याने राहतात. गोदामाचा चौकीदार टिनाच्या चौकीत रात्र काढतो, ट्रकचालक केबिनच्या काचा चढवून झोपतात. अशा लहान जागेत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन झोपणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण देणेच होय.

धूर नाही, तरीही विष

शेगडीविषयीचा सर्वांत घातक समज असा की, धूर थांबला म्हणजे ती आत आणण्यास हरकत नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लालबुंद झालेला कोळसा धूर देत नाही, परंतु पुरेशी हवा न मिळाल्यास त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. साहजिकच श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदय यांना प्राणवायू मिळेनासा होतो. झोपलेल्या माणसाला याची जाणीवही होत नाही.

शेगडीजवळ पाण्याने भरलेले भांडे ठेवल्यास विषारी वायू त्यात शोषला जातो, अशीही समजूत आढळते. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. भांड्यामुळे हवेतील कोरडेपणा काहीसा कमी होईल, एवढेच. शेगडी वा शेकोटी घराबाहेर, अंगणातच असावी आणि झोपण्यापूर्वी निखारे पाणी टाकून पूर्ण विझवावेत. राखेखाली दडलेले निखारे दुसऱ्या दिवशीही तग धरून असतात. ती प्लास्टिकच्या बादलीत भरू नये.

गॅसवर चालणाऱ्या उपकरणांनाही हाच नियम लागू आहे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांत चार लहान मुले होती. थंडी फार म्हणून त्यांनी खोलीत गॅस हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या. मार्च २०२३ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे धुळवड खेळून परतलेले दांपत्य स्नानगृहात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही गॅस गिझरमुळे गुदमरल्याचा संशय पोलिसांनी व्यक्त केला होता. गॅस गिझर स्नानगृहाच्या आत बसवू नये. भाड्याच्या घरात तो आधीच आत असल्यास बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे आणि मगच स्नानास जावे. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागल्यास तंत्रज्ञाला बोलाविणे आवश्यक आहे. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो, जळून निर्माण झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला तो नसतो. त्यामुळे ‘वास आला नाही’ या खात्रीवर विसंबता येत नाही.

विजेचा हीटर

विजेच्या हीटरमुळे हवेतील प्राणवायू जळतो, असे अनेक घरांत मानले जाते. ते खरे नाही. त्यात काहीही जळत नसल्याने विषारी वायूही निर्माण होत नाही. बंद खोलीसाठी तो शेगडीपेक्षा निःसंशय सुरक्षित आहे. त्याचा धोका आगीचा आणि विजेच्या धक्क्याचा. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतप्रवाह खेचतो. मोबाइल चार्जर किंवा टेबलफॅन लावण्याचे साधे सॉकेट ५ ते ६ अँपिअरचे असते. त्याला किंवा स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डाला हीटर जोडला की वायर तापते, प्लग काळवंडतो आणि आच्छादन वितळू लागते. हीटरसाठी १५ किंवा १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेटच वापरावे. अंथरूण, पडदे आणि मच्छरदाणीपासून तो किमान तीन फूट दूर असावा. ओले कपडे त्यावर वाळत घालण्याचा मोह टाळावा.

विद्युत यंत्रणेतील आग किती झपाट्याने पसरते, याचा कटू अनुभव वाडीकरांनी घेतला आहे. ९ एप्रिल २०२१ रोजी रात्री येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्णांना प्राण गमवावे लागले. वातानुकूलन यंत्रातून ती सुरू झाल्याची प्राथमिक माहिती तेव्हा देण्यात आली होती.

पाणी तापविण्याच्या रॉडबाबत बेफिकिरी सर्वाधिक दिसते. पाणी तापले का, हे बोट बुडवून पाहण्याची सवय जिवावर बेतू शकते. आधी बटण बंद करावे, प्लग काढावा, मग रॉड बाहेर घ्यावा आणि त्यानंतरच पाण्याला हात लावावा. लोखंडी वा पितळी बादली टाळावी. घरातील मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक यंत्र बसविल्यास विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडला जातो. भाडेकरूंच्या खोल्यांत ते बसविण्याची जबाबदारी घरमालकांनी झटकू नये. त्याचप्रमाणे चौकीदाराला कांबळ आणि वारा अडेल अशी चौकी देणे हे गोदाम मालकांचे काम आहे.

लक्षणे ओळखताना

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातपाय गळून जाणे ही कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेची सुरुवातीची लक्षणे होत. घरातील अनेकांना ती एकाच वेळी जाणवू लागली आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय बळावतो. कोरोनाकाळात घरोघरी आलेले पल्स ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते. साधे ऑक्सिमीटर विषारी वायूने व्यापलेल्या हिमोग्लोबिनलाही प्राणवायूयुक्त समजते आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही ९७-९८ हा आकडा दाखवू शकते.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडून व्यक्तीला त्वरित बाहेर आणावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि खोलीत शेगडी किंवा गॅसचे उपकरण चालू होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास पुरतो. शुद्ध हरपलेली व्यक्ती सावरली तरी तिला तपासणीविना घरी ठेवू नये. स्मरणशक्ती आणि वागणुकीतील दोष काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही प्रकट होऊ शकतात.