गावातली दारू : पोलीस ठाण्याची आकडेवारी कशी मागायची, कशी वापरायची?

गावात दारू वाढली, हे ग्रामसभेत सगळेच बोलतात. पण कुठे, कधी, किती, असं अधिकाऱ्यांनी विचारलं की उत्तर नसतं. हे उत्तर बरंचसं पोलीस ठाण्याच्या नोंदीत असतं आणि गावकऱ्यांना ते मागता येतं.

काय मागायचं?
गेल्या तीन वर्षांत गावाच्या हद्दीत दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ खाली (बेकायदा दारू गाळणं, विकणं) आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली (पिऊन गाडी चालवणं) किती गुन्हे नोंदले, त्यांची तारीख, वेळ आणि ठिकाण. तक्रारदारांची नावं मागू नका. ती नाकारली जाऊ शकतात.

कसं मागायचं?
माहिती अधिकारात साध्या कागदावर अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, तर पहिलं अपील करा.

आकडे कसे वाचायचे?
ठिकाण आणि वार लिहून तक्ता करा. आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा एकाच वस्तीत गुन्हे जास्त दिसले, तर गस्त तिथेच मागता येते. मात्र आकडा शून्य म्हणजे गावात दारू नाही, असं नव्हे. छापा पडला तरच गुन्हा नोंदला जातो. घरातली मारहाण तर बऱ्याचदा ठाण्यापर्यंत जातच नाही. म्हणून ११२ वर कॉल करा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा.

पुढे काय?
परवाना असलेलं दुकान बंद करायचं असेल, तर किमान २५ टक्के महिला मतदारांच्या किंवा एकूण मतदारांच्या सह्यांचं निवेदन राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे द्यावं लागतं. मग गुप्त मतदान होतं. 'आडव्या बाटली'ला ५० टक्क्यांपेक्षा जास्त मतं लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. घरी बसलेलं मत म्हणजे दुकानाला मत.

हातभट्टीला मात्र मतदान लागत नाही. ती बेकायदाच आहे. एकाच विक्रेत्यावर वारंवार गुन्हे असतील, तर कलम ९३ खाली चांगल्या वर्तणुकीचा बाँड घेण्याची मागणी करा. त्यासाठी आधीच्या गुन्ह्यांची यादी हाच मोठा आधार.