दाईचे मणी

औषध ठाऊक असूनही मूल दगावते, असे का होते? नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. न्यूमोनियावर को-ट्रायमॉक्साझोल हे स्वस्त, तोंडाने देण्याजोगे औषध होते. पण साधा खोकला की न्यूमोनिया, हे गावात ठरवणार कोण? ते काम गावातल्याच माणसांना शिकवले गेले. १९८८-८९ मध्ये ५८ गावांत असे उपचार झाले. ४४ गावे तुलनेसाठी होती. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू पहिल्या गटात हजारी ८.१, तर दुसऱ्या गटात १७.५ निघाले.

खरी मौज दायांची आहे. न्यूमोनियाची खूण म्हणजे जलद श्वास : दोन महिन्यांखालील बाळाचा मिनिटाला ६०, त्याहून मोठ्याचा ५० किंवा अधिक. दाईला मोजता येई दहा-बारापर्यंत! म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असे साधन बनले. मूल शांत असताना दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरुवात. तान्ह्यासाठी पाच पांढरे मणी व एक लाल, मोठ्यासाठी चार पांढरे व एक लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.