मतदानाचा हक्क कोणाला?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३२६ नुसार १८ वर्षे पूर्ण केलेल्या व अन्यथा अपात्र नसलेल्या प्रत्येक नागरिकास मतदार म्हणून नोंदणीचा हक्क आहे. १९८९ पूर्वी ही अट २१ वर्षांची होती. परकीय नागरिकास हा हक्क नाही.

नोकरीनिमित्त आखाती देशांत राहणाऱ्या, परंतु भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या धर्मबांधवांना २०११ पासून 'नमुना ६-अ' भरून पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येते. मात्र मतदानासाठी मूळ पारपत्रासह स्वतः केंद्रावर यावे लागते.

गोव्यातील काहींप्रमाणे ज्यांनी स्वेच्छेने पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले, त्यांचे भारतीय नागरिकत्व १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार संपुष्टात येते. पुढे 'ओसीआय' कार्ड मिळाले तरी मताधिकार परत मिळत नाही. अशांनी यादीतून आपले नाव वगळून घ्यावे. नोंदणीसाठी खोटे प्रतिज्ञापन करणे हा गुन्हा आहे.